हँडहेल्ड कन्सोल तापलं की कूलिंग फॅन घ्यायचाच का?

वाळ्याचा पडदा (धागाकर्ता)

एप्रिल उजाडला की हातात धरून खेळायच्या गेमिंग यंत्रांबद्दल हा प्रश्न ठरलेला असतो: स्विच हाताला चटका देतंय, स्टीम डेकचा फॅन घोंघावतोय, ऑनलाइन मिळणारा क्लिपवाला कूलर घेऊ का? उत्तरं दहा धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून एका ठिकाणी आणूया. निंटेंडोचं स्विच, व्हॉल्व्हचं स्टीम डेक, आसुसचं आरओजी अ‍ॅलाय आणि छोटे रेट्रो कन्सोल, सगळ्यांबद्दल लिहा. फक्त कृपया आकड्यांसकट लिहा.

सुरुवात मी करतो. निंटेंडोने स्विच वापरायला ५ ते ३५ अंश सेल्सियस ही मर्यादा दिली आहे. व्हॉल्व्हने स्टीम डेकसाठी ० ते ३५ दिली आहे. हे आकडे कन्सोलच्या आतले नाहीत, भोवतालच्या हवेचे आहेत. इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. आतली चिप याहून कितीतरी गरम चालते आणि ते अपेक्षितच असतं. जुलै २०२२ मध्ये व्हॉल्व्हने स्वतः सांगितलं होतं की डेकची चिप १०० अंशांपर्यंत व्यवस्थित काम करते, १०० ला स्वतःचा वेग उतरवायला लागते आणि १०५ ला कन्सोल बंद करते. त्यामुळे स्क्रीनवर ८५ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

विदर्भात मात्र ३५ ची मर्यादाच अडचणीची आहे. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना बंद खोलीतही ३८-४० सहज असतात. म्हणजे कन्सोल सुरू करण्याआधीच आपण कंपनीच्या मर्यादेबाहेर असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांना बाहेरून लावायच्या फॅनची गरज नाही, खोली गार ठेवण्याची आणि सेटिंग बदलण्याची आहे. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

तांब्याची नळी

चांगला धागा. तुमच्या ३५ अंशांच्या मुद्द्यात एक भर घालतो.

फॅन आणि हीटसिंक (चिपची उष्णता शोषणारा धातूचा भाग) हवा थंड करत नाहीत, ते फक्त उष्णता हलवतात. समजा एखादा गेम चालू असताना चिप खोलीच्या हवेपेक्षा ४५ अंश वर राहते. खोली २५ ला असेल तर चिप ७० ला, खोली ४० ला असेल तर चिप ८५ ला. खोली जेवढी चढते, साधारण तेवढीच चिप चढते. मधला ४५ चा फरक कमी करायचे दोनच मार्ग आहेत: हवा जास्त वाहू द्या, किंवा चिपमध्ये कमी वॅट जाळा.

वॅट किती जळतात याचा अंदाज बॅटरीवरून घरबसल्या काढता येतो. मूळ स्विच (मार्च २०१७) आणि २०१९ ची सुधारित आवृत्ती, दोन्हींत बॅटरी तीच आहे, सुमारे १६ वॅट-तासांची. कंपनीने पहिलीला २.५ ते ६.५ तास सांगितले, दुसरीला ४.५ ते ९ तास. भारी गेम धरा. १६ भागिले २.५ म्हणजे ६.४ वॅट, १६ भागिले ४.५ म्हणजे साधारण ३.६ वॅट. आतली टेग्रा चिप बनवायचं तंत्र २० नॅनोमीटरवरून कमी वीज खाणाऱ्या १६ वर आलं आणि हातात जाणवणारी उष्णता जवळपास निम्मी झाली. म्हणून कोणी “माझं स्विच तापतं” म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारावा की कोणतं स्विच? २०१७-१८ चं यंत्र आणि नंतरचं ओलेड पडद्याचं स्विच यांना एकाच मापाने मोजू नका.

स्टीम डेक एलसीडीची बॅटरी ४० वॅट-तासांची. भारी गेममध्ये ती दोन तासांत संपली तर २० वॅट झाले, म्हणजे जुन्या स्विचच्या तिप्पट. त्याचा फॅन जोरात फिरणार हे उघड आहे.

खिडकीपाशी

प्रश्न विचारते. मूळ स्विच टीव्हीला जोडून डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये) ठेवलं की हातात असतानापेक्षा जास्त तापतं. डॉक हवा अडवतो म्हणून का? आणि डॉकवर वरून बसणारे दोन फॅनवाले कूलर मिळतात, ते घ्यावेत का?

तांब्याची नळी

थोडा डॉक आणि बराचसा वेग. डॉकमध्ये गेल्यावर स्विच ग्राफिक्सचा वेग ७६८ मेगाहर्ट्झवर नेतं. हातात असताना तो गेमनुसार ३०७ ते ३८४, काही वेळा ४६० असतो. टीव्हीसाठी जास्त पिक्सेल काढायचे तर वॅट वाढणारच. शिवाय तेव्हा बॅटरीही चार्ज होत असते.

हवेचा मार्ग असा आहे: पाठीमागच्या फटींतून गार हवा आत आणि माथ्यावरच्या लांबट जाळीतून गरम हवा बाहेर. डॉकमध्ये माथा उघडा राहतो, म्हणून बाहेर टाकायचा रस्ता मोकळा असतो. अडचण येते ती डॉक टीव्हीच्या बंद कप्प्यात, भिंतीला टेकवून किंवा सेटटॉप बॉक्सच्या शेजारी ठेवल्यावर, कारण मग माथ्यातून निघालेली गरम हवा फिरून पाठीतून पुन्हा आत जाते. डॉक कप्प्यातून बाहेर काढा आणि मागे चार बोटं जागा ठेवा. हा उपाय फुकट आहे आणि फरक लगेच कळतो.

वरून बसणाऱ्या फॅनबद्दल: घ्यायचाच असेल तर हवेची दिशा तपासा. उदबत्ती किंवा टिश्यूची पातळ पट्टी माथ्याच्या जाळीपाशी धरा. धूर किंवा पट्टी कन्सोलपासून दूर जायला हवी. काही स्वस्त कूलर वरून खाली हवा मारतात, म्हणजे आतल्या फॅनच्या विरुद्ध. असा कूलर लावणं न लावण्यापेक्षा वाईट.

जाता जाता एक लक्षात घ्या. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या डॉकमध्ये कंपनीनेच फॅन बसवला आहे. म्हणजे डॉकला फॅन ही कल्पना चुकीची नाही, पण तो हवेचा मार्ग ओळखून बसवलेला हवा.

रात्रपाळी

स्टीम डेकवाल्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण इथे वॅट आपल्या हातात आहेत. स्विचमध्ये अशी सोय नाही.

उजव्या ट्रॅकपॅडखालचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीचं चित्र असलेल्या पानावर जा, अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू चालू करा. सगळ्यात आधी ‘पर-गेम प्रोफाइल’ चालू करा, नाहीतर एका गेमसाठी बदललेलं सेटिंग सगळ्यांना लागतं आणि पुढचा भारी गेम का अडखळतोय ते कळत नाही. मग परफॉर्मन्स ओव्हरले (खेळताना पडद्यावर आकडे दाखवणारी पट्टी) तिसऱ्या पातळीवर ठेवून दहा मिनिटं खेळा. तापमान आणि वॅट दोन्ही डोळ्यांसमोर राहतात.

आता फ्रेम लिमिट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची याची मर्यादा. एलसीडी डेकवर ४० ठेवा. ६० फ्रेमला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३.३ ची आणि ४० ला बरोबर २५ ची. म्हणजे ४० हा आकडा कानाला ३० च्या जवळ वाटला तरी वेळेच्या हिशेबात तो अगदी मधोमध बसतो, हाताला ३० पेक्षा बराच चपळ लागतो. ओलेड डेकचा पडदा ९० हर्ट्झचा आहे, तिथे ४५ ठेवा.

त्यानंतर टीडीपी लिमिट, म्हणजे चिपने किती वॅट खायचे याची मर्यादा. मुळात १५ वॅट असतं. जुने किंवा टूडी गेम ५-६ वॅटमध्ये आरामात चालतात, मध्यम गेमला ९-१० पुरतात. एकेक वॅट उतरवत जा. फ्रेम गळायला लागल्या की एक वॅट वर या आणि तिथे थांबा. भारी गेमला १५ पासून सुरू करून १२ वर थांबायची वेळ आली तरी चिपमधली पाचव्या हिश्शाची उष्णता गेली.

सेटिंग्ज, सिस्टिम या पानावर ‘अपडेटेड फॅन कंट्रोल’ असा पर्याय आहे. तो चालू ठेवा.

गडी एकटा

रात्रपाळी, मुद्दा पटतो पण पूर्ण नाही. एवढे पैसे टाकून घेतलेलं यंत्र मुद्दाम कमी वेगाने का चालवायचं? मी बाहेरच्या फॅनच्या बाजूने आहे. डेकच्या माथ्यावर हवा ओढणारा फॅन लावला की आतला फॅन हळू फिरतो आणि आवाज कमी होतो.

रात्रपाळी

आवाज कमी होतो हे खरं असू शकतं, पण तो बाहेरचा फॅन चालतो कशावर ते पाहा. बहुतेक यूएसबी-सी पोर्टमधून चालतात. ५ व्होल्टला ०.२ ते ०.५ अँपियर म्हणजे १ ते २.५ वॅट. ते कन्सोलच्या बॅटरीतूनच जातात. जुन्या स्विचचंच उदाहरण घ्या. १६ वॅट-तास, ६.४ वॅट म्हणजे अडीच तास. त्यात फॅनचा फक्त १ वॅट मिळवला की ७.४ होतात आणि वेळ दोन तास दहा मिनिटांवर येतो. शिवाय बॅटरीचा व्होल्टेज चढवून पोर्टला ५ व्होल्ट देणारं सर्किट आतच असतं, तेही थोडं तापतं. बाहेरचा फॅन लावायचाच तर वेगळ्या पॉवर बँकेवर किंवा भिंतीच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा घ्या.

आणि कमी वेगाचं म्हणाल तर आपण वेग कमी करत नाही, वाया जाणाऱ्या फ्रेम कमी करतो. मेनूच्या पानावर नाहीतर संवाद चालू असताना ६० फ्रेम काढून काय मिळतं?

गडी एकटा

पॉवर बँकेचा मुद्दा मान्य. टेबलावर ठेवून, बाहेरचा कंट्रोलर घेऊन खेळणाऱ्यांसाठी तरी फॅन ठीक आहे, एवढंच म्हणतो.

समुद्रकाठ

कोकणातून लिहितोय. मोबाइलला लावतात तसे विजेवर एक बाजू बर्फगार आणि दुसरी गरम होणारे पेल्टिअर कूलर हल्ली कन्सोलच्या पाठीला चिकटवलेले दिसतात. ते लावू नका. कारणं दोन आहेत आणि दोन्ही महत्त्वाची आहेत.

पहिलं म्हणजे प्लास्टिक. मोबाइलच्या पाठीला काच किंवा धातू असतो आणि उष्णता तिथपर्यंत पसरवलेली असते. स्विचची किंवा डेकची पाठ प्लास्टिकची आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत प्लास्टिकमधून उष्णता हजारपट कमी वाहते. बाहेर बर्फ ठेवला तरी आतल्या चिपला फारसं कळत नाही. वर तो कूलर मधोमध चिकटवला की हवा आत घेणारी जाळीच झाकली जाते. म्हणजे बाहेरून हाताला गार, आतून जास्त गरम.

दुसरं, दव. हवा ज्या तापमानाला पाणी सोडायला लागते तो दवबिंदू. पावसाळ्यात किनाऱ्यावर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता अगदी रोजची. तेव्हा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. पेल्टिअरची थंड पाटी १५ पर्यंत गेली तर तिच्यावर आणि शेजारच्या फटींत पाणी धरणारच, माठाला बाहेरून घाम येतो तसं. नागपूरला मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १२ च्या आसपास येतो, तिथे हा धोका कमी. पण तेच यंत्र घेऊन तुम्ही जुलैत रत्नागिरीला आलात तर?

आणखी एक. पेल्टिअर उष्णता नाहीशी करत नाही. एका बाजूने ओढलेली उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही दुसऱ्या बाजूने बाहेर फेकतो. ती गरम हवा तुमच्या हातांवर येते.

वाळ्याचा पडदा

समुद्रकाठ, हे फार उपयोगी. आमच्याकडच्या डेझर्ट कूलरबद्दलही तेच सांगायला हवं. कूलर खोली गार करतो, म्हणून कन्सोलला त्याचा फायदा नक्की होतो, पण कन्सोल कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवू नका. गवत किंवा पॅड नवीन असताना आणि पंप जोरात असताना पाण्याचे बारीक शिंतोडे हवेबरोबर येतात, आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षारही. पाणी सुकतं, क्षार आतल्या पात्यांवर राहतात. कूलरच्या रेषेतून बाजूला बसा आणि खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर दमटपणा साचतो आणि कूलरही नीट गार करत नाही.

खिडकीपाशी

साधा टेबल फॅन चालेल का मग?

तांब्याची नळी

तोच सगळ्यात चांगला. कन्सोल स्टँडवर, मागे दोन-तीन बोटं मोकळी, आणि फॅन एका बाजूने, म्हणजे माथ्यातून निघालेली गरम हवा बाजूला वाहून जाईल असा. समोरून पडद्यावर मारला तर फार उपयोग नाही. आणि गादीवर, उशीवर, गोधडीवर कन्सोल टेकवून खेळू नका. डेक पोटावर ठेवून झोपून खेळताना पाठीची जाळी कपड्याने बंद होते, त्यानंतर फॅन ओरडला तर दोष फॅनचा नाही. सिलिकॉनची कव्हरं घेतानाही पाठीचं आणि माथ्याचं कटिंग कन्सोलच्या फटींवर नीट बसतंय का ते बघून घ्या.

तिरका स्क्रू

आता साफसफाईबद्दल, कारण “पहिल्या वर्षी शांत होतं, आता तापतं” या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा धूळ असते, क्वचित चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप).

न उघडता करायचं काम आधी. स्लीप नव्हे, पूर्ण बंद करा. स्विचवर पॉवरचं बटण तीन सेकंद दाबून ठेवलं की पॉवर ऑप्शन्स येतात, तिथून टर्न ऑफ. मऊ कोरडा ब्रश पाठीच्या जाळीवर फिरवा. मग कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर घ्या आणि माथ्याच्या जाळीतून छोटे छोटे फुंकर मारा. सलग हवा मारू नका. हवेने आतला फॅन भलत्या वेगाने फिरला तर त्याची बेअरिंग खराब होते आणि मोटर उलटी वीज बोर्डाकडे ढकलते. डब्यातली दाबाची हवा वापरत असाल तर डबा उभाच धरा, आडवा केला की आतला गार द्रव बाहेर येतो. घरचा व्हॅक्यूम क्लिनर किंवा दुकानातला टायरच्या हवेचा पाइप अजिबात नको. त्या पाइपातून पाणी आणि तेलही येतं.

उघडायची वेळ आली तर पुढचं वाचा. स्विच आणि डेक आपल्याकडे बहुतेक बाहेरून आणलेले असतात, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्न अनेकांना नसतो, पण असेल तर उघडण्याआधी दोनदा विचार करा.

स्विच: मेमरी कार्ड आणि दोन्ही जॉय-कॉन (बाजूचे कंट्रोलर) काढा. पाठीचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे, इंग्रजी वाय अक्षरासारखे असतात. त्याला चौकोनी किंवा फुलीचा पेचकस लावला की डोकं झिजतं आणि मग ड्रिलशिवाय निघत नाही. बाकीचे फुलीचे आहेत, अगदी बारीक, आणि एक कार्डाच्या झाकणाखाली लपलेला असतो. पाठ निघाली की धातूचा पत्रा दिसतो. तो उचलताना त्याच्या आणि चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीच्या मध्ये गुलाबीसर, च्युइंगमसारखा जाड थर दिसेल. इथेच सगळे चुकतात. तो जुनी पेस्ट समजून पुसून टाकतात आणि त्या जागी नेहमीची पातळ पेस्ट लावतात. तो थर मुद्दाम जाड आहे, मधली पोकळी भरून उष्णता पत्र्यापर्यंत न्यायला. पुसला आणि परत भरला नाही तर पत्रा गार राहील आणि चिप आधीपेक्षा जास्त तापेल. चांगला असेल तर तसाच राहू द्या. बदलायचाच असेल तर के५ प्रोसारखा घट्ट, पोकळी भरणारा प्रकार घ्या. चिप आणि नळी यांच्यामध्ये मात्र नेहमीची पेस्ट. आणि पत्रा उचलल्यावर, पेस्टला वगैरे हात लावण्याआधीच, बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने वर उचलून काढा.

स्टीम डेक: मेमरी कार्ड आधी काढा. कार्ड आत राहिलं आणि पाठ उचलली तर कार्डाचे दोन तुकडे होतात. मग व्हॉल्यूम वाढवायचं बटण धरून पॉवर दाबा, बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पानावर) जाऊन बॅटरी स्टोरेज मोड चालू करा. एलसीडी मॉडेलच्या पाठीला आठ स्क्रू आहेत, दोन लांबींचे. कागदावर पाठीचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. हे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडतात, म्हणून परत लावताना आधी उलटे फिरवा, टिक असा हलका आवाज आला की जुना आटा सापडला, मग आवळा. सरळ आवळत गेलात तर दोन-तीन वेळा उघडल्यावर भोकं ढिली होतात. ओलेडमध्ये टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखे) स्क्रू आणि धातूचे आटे आहेत, तिथे ही चिंता नाही. धातूच्या पत्र्याचा एक स्क्रू चंदेरी पट्टीखाली आहे. पट्टी फाडू नका, कडेने सोलून घ्या.

फॅनची पाती साफ करताना टूथपिकने पातं अडवून ठेवा आणि मगच ब्रश किंवा हवा. पेस्ट पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड. नवी पेस्ट मसुरीच्या दाण्याएवढी, चिपच्या मधोमध. जास्त घातली तर ती कडेने बाहेर येते, उष्णता काही जास्त वाहत नाही.

समुद्रकाठ

पेस्टऐवजी चिपवर ठेवायची पीटीएम ७९५० ची पातळ शीट कशी? आणि लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातूचा लेप?

तिरका स्क्रू

शीट उत्तम, माझी पहिली पसंती तीच. ती सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन पृष्ठभागात भरते आणि पेस्टसारखी हळूहळू कडेला सरकत नाही, म्हणून वर्षानुवर्षं टिकते. चिपपेक्षा किंचित मोठी कापा. दोन्ही बाजूंची फिल्म निघत नसेल तर शीट पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग सुटते. लावल्या लावल्या तापमान पाहून निराश होऊ नका. ती दोन-चार वेळा तापून गार झाल्यावर खरी बसते.

लिक्विड मेटल हातातल्या यंत्रात अजिबात नको. ते वीज वाहून नेतं, त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि हँडहेल्ड तर दिवसभर हलतं, उलटंपालटं होतं, बॅगेत पडतं. एक थेंब शेजारच्या कपॅसिटरवर गेला की बोर्ड गेला.

डेकमध्ये जास्त लांबीचा एसएसडी (गेम साठवायची आतली डिस्क) बसवायला काही जण आतले थर्मल पॅड सरकवतात, तेही करू नका. व्हॉल्व्हच्या डिझायनरनेच २०२२ मध्ये जाहीरपणे बजावलं होतं की शेजारची चार्जिंगची चिप फार तापते आणि ते पॅड हलवू नयेत.

नदीपल्याड

आरओजी अ‍ॅलायबद्दल कोणीच लिहिलं नाही. जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना अधिकृतपणे आलं, म्हणून आपल्याकडे बऱ्याच जणांकडे आहे. यात कार्डाची खाच गरम हवा बाहेर पडते त्या फटीच्या शेजारी आहे. ठरावीक उष्णतेच्या ताणाखाली कार्ड रीडर बंद पडू शकतो हे आसुसने २०२३ मध्ये मान्य केलं आणि अपडेटमधून फॅनचा वेग वाढवला. म्हणून जुनं अ‍ॅलाय वापरणाऱ्यांनी बायोस आणि आर्मरी क्रेट (आसुसचं सेटिंगचं अ‍ॅप) अपडेट ठेवावं, आणि महत्त्वाचे गेम, सेव्ह फाइल कार्डावर न ठेवता आतल्या एसएसडीवर ठेवाव्यात. सायलेंट मोड १० वॅट, परफॉर्मन्स १५, टर्बो २५ आणि चार्जर लावल्यावर ३०. कार्डावरून गेम चालवताना टर्बो टाळा.

दुसरी गोष्ट बॅगेची. विंडोज असलेलं यंत्र स्लीपमध्ये टाकून घट्ट केसमध्ये ठेवलं की ते अपडेटसाठी आत जागं होतं. हवेला जागा नाही, फॅन फिरतोय, बॅटरी उतरतेय. बाहेर काढल्यावर कढत लागतं. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट द्या. चालू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत ते खरोखर बंद असतं.

गडी एकटा

आणि छोटे रेट्रो कन्सोल? मियू मिनी, अ‍ॅनबर्निक वगैरे. त्यांना फॅनच नसतो.

नदीपल्याड

गरजही नसते. जुने गेम चालवायला त्यांची चिप अगदी थोडे वॅट खाते, पाठ कोमट होते इतकंच. सोनीच्या पीएसपीलाही फॅन नव्हता. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ताकदवान मॉडेलांत, जसं रेट्रॉइड पॉकेट ४ प्रो किंवा ५, फॅन आतच दिलेला असतो. छोट्यांमध्ये चार्जरकडे लक्ष द्या. साधा ५ व्होल्टचा चार्जर आणि ए-टू-सी केबल वापरा. काही मॉडेलांच्या पोर्टमध्ये आवश्यक रेझिस्टर नसल्याने सी-टू-सी केबलने ती चार्जच होत नाहीत आणि लोक यंत्र बिघडलं समजतात.

खिडकीपाशी

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: चार्जिंगला लावून खेळणं कितपत वाईट?

तांब्याची नळी

चिपपेक्षा बॅटरीची काळजी जास्त करावी. चिप ९० अंश झेलते, लिथियम बॅटरीला ४५ च्या वर चार्ज करणं नुकसानकारक असतं. भारी गेम आणि चार्जिंग एकत्र चाललं की चिप, चार्जिंग सर्किट आणि बॅटरी तिघंही एकाच बंद डब्यात तापतात. मे महिन्यात दुपारी तरी आधी चार्ज करून घ्या, मग खेळा, किंवा हलका गेम असेल तेव्हाच चार्जर लावा. कायम डॉकवर असेल तर चार्जची मर्यादा लावा: स्टीमओएस ३.७ पासून डेकमध्ये तो पर्याय आहे, स्विच २ मध्ये सुमारे ९० टक्क्यांवर थांबवता येतं, अ‍ॅलायमध्ये ८० वर. महिनोन्‌महिने वापर नसेल तर अर्धं चार्ज करून ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा तरी चार्जिंगला लावा. उन्हातल्या गाडीत पाच मिनिटांसाठीही ठेवू नका.

पडदा एका कडेने उचललेला दिसला, पाठ टेबलावर ठेवल्यावर डुगडुगली, किंवा जुन्या पीएसपीचं बॅटरीचं झाकण बसेनासं झालं तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका. काढता येत असेल तर काढून वाळूच्या किंवा धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली तर पेट घेते.

वाळ्याचा पडदा

तापमान मोजायची बंदूक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली. इन्फ्रारेड बंदूक चकचकीत धातूवर खूप कमी आकडा दाखवते. माथ्याच्या जाळीजवळ किंवा धातूच्या भागावर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि त्या टेपवर नेम धरा. फॅन घेण्याआधी आणि घेतल्यावर, त्याच खोलीत, तोच गेम, वीस मिनिटं चालवून हे दोन आकडे इथे टाका. खोलीचं तापमानही लिहा, त्याशिवाय तुलना करता येणार नाही.